आधी गाव, मग नाव

सरांच्या क्लासच्या दाराला दोन कुलपं होती. एकाची किल्ली सरांच्या खिशात, दुसऱ्याची खालच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे. दोघं हजर असले तरच दार उघडायचं. सायकलवाला कुणाच्या साक्षगंधाला गेला की आम्ही सगळे जिन्यावर बसायचो, आणि सर वरच्या पायरीवर उभे राहून, हाच आजचा धडा असल्यासारखे म्हणायचे, "एकाच किल्लीनं उघडलं तं त्याले कुलूप काहून म्हनाव?"

मला हे तेव्हा कळलं नाही आणि आता कळलंय असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे पंचेचाळिशी उलटली होती, पण आज जिथून बघतेय तिथून ते तरुणच. मुलं पुण्याला शिकायला गेली, नवरा सकाळी बँकेत गेला की संध्याकाळीच उगवायचा, आणि मी अकोल्यातल्या आमच्या कॉलनीत कॉम्प्युटर शिकायला निघालेली पहिली बाई. गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते, त्याचा माज अजून उतरला नव्हता. पेन ड्राइव्ह नावाची वस्तू नवीन होती. ती मी निळ्या नाडीत ओवून गळ्यात घालायचे, मंगळसूत्राच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी. भाजी घ्यायला जातानाही काढत नसे. एकदा भाजीवालीने विचारलं, "बाई, कोन्या बाबाचा ताईत हाय हा?" तर मला तिच्या अज्ञानाची कीव आली होती. कीव!

सर अमरावतीचे. रोज सकाळच्या गाडीने अकोल्याला यायचे आणि संध्याकाळी परत. अकोल्याच्या मे महिन्यातही डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, खोलीतसुद्धा, कारण कूलरचं वारं कानात जाते म्हणे. नुसतं "सर" म्हणून हाक मारली तर वळायचे नाहीत. "कॉम्प्युटरवाले सर" म्हटलं तरी अर्धेच वळायचे. "अमरावतीचे कॉम्प्युटरवाले सर" म्हटलं की पूर्ण वळून, "हां, बोला." फोनवर तसंच. आधी विचारायचे "कोन गाव?" आणि मग नाव. कुणी संत्री दिली तर सोलायच्या आधी प्रश्न: "कुठली?" देणारा म्हणे, "सर, बजारातून आनली." की सर ती तशीच टेबलावर ठेवून द्यायचे. "नुस्तं संत्रं म्हंजे काय? त्याले काई गाव हाय का नाई?" ती मग आम्ही खायचो. गोड असायची.

ते शिकवायचे डेटाबेस. टेबल म्हणजे गाव, म्हणायचे. एक ओळ म्हणजे एक घर. आणि किल्ली म्हणजे मधल्या कुणाच्या दारात न थांबता नेमकं त्याच घरी नेणारी खूण. कधी एका रकान्यानं काम भागतं, कधी दोन रकाने मिळून एक किल्ली होते. ती जोडकिल्ली. पुस्तकात तिचं इंग्रजी नाव होतं, पण सरांनी ते कधी घेतलं नाही. फळ्यावर कोड लिहिताना मात्र ते आरतीच्या चालीवर म्हणायचे: "क्रिएट टेबल... प्रायमरी की... कंसात गाव... स्वल्पविराम... नाव!" शेवटच्या शब्दावर खडू फळ्यावर आपटायचा.

मी हात वर केला. "सर, नाव आधी आणि गाव नंतर घेतलं तर?"

"घ्या. घेऊन पाह्या. मंग एक सुमन शोधाले निंगाल तं कॉम्प्युटरले आधी साऱ्या जिल्ह्यातल्या सुमन गोया करा लागतीन. आधी गाव धरलं तं बाकीचं शिवार मिटलं. आधी गाव, मग नाव."

"आणि नुसतं नावच माहीत असलं तर?"

"तं सारं शिवार पालथं घाला. मी नाई घालत."

खरंच नाही घालायचे. अर्धी किल्ली देऊन क्वेरी चालवणं, टेबलाला विचारणं, म्हणजे लोकांच्या घरात खिडकीतून डोकावणं, असं त्यांचं मत होतं. पडद्यावर उत्तर आलं तरी त्यांना ते चोरीचं वाटायचं.

आमच्या वर्गाचंही एक टेबल होतं. त्यात अकोटहून येणारी एक सुनीता होती. पुढे दुसरी आली, तीही अकोटची, आडनावही तेच. कॉम्प्युटरनं तिला घेतलंच नाही; ही ओळ आधीच आहे म्हणाला.

सर तिला म्हणाले, "तुमी तं आधीच हाय."

"सर, मी आजच आली ना!"

"टेबल म्हनते तुमी हाय."

ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी गणिताच्या अधिकाराने मान डोलावली. का डोलावली, देव जाणे. ती दिवसभर जिन्यात बसली. दुसऱ्या दिवशी सरांनी किल्लीत तिसरा रकाना घातला: बाक. एक सुनीता खिडकीच्या बाकाची, दुसरी भिंतीच्या. काही दिवस सुखाचे गेले. मग भिंतीकडल्या सुनीताला उकडलं आणि ती खिडकीशी येऊन बसली, तर सर एवढे कासावीस झाले की दुपट्टा सुटला.

"किल्ली बदलत नसते बाई! किल्ली बदलली तं तुमी तुमी राह्यत नाई!" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "लक्षात ठेवा सारे. किल्ली अशी निवडाची, जे जन्मभर बदलत नाई."

हे वाक्य मी वहीत लिहून खाली रेघ मारली. रेघ मारण्यात मी पहिल्यापासून हुशार.

त्याच हिवाळ्यात अकोल्यातल्या एका सेवाभावी मंडळानं खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्यांसाठी डोळे तपासणीची शिबिरं घेतली. डोळे तपासायचे शिबिरात, चष्मे तयार व्हायचे अमरावतीला, आणि मग एकेका गावाची पेटी त्या त्या गावी पोचवायची. कुणाचा कुठला चष्मा हे सांभाळायला कॉम्प्युटर हवा होता. काम सरांनी फुकट घेतलं आणि आमच्या गळ्यात घातलं.

मी म्हटलं, "सर, सरळ एकेक नंबर देऊ या. एक, दोन, तीन. संपलं."

"नंबर कुठं राहीन?"

"चिठ्ठीवर."

"चिठ्ठी पदराच्या गाठीत, पदर धुन्यात. मॅडम, म्हातारं मानूस नंबर विसरते. स्वतःचं नाव विसरन एखांद्या वेळी. गाव नाई विसरत. गाव आन नाव, जोडकिल्ली."

या चष्म्यांमध्ये एक चष्मा माझ्या सासूबाईंचा होता, म्हणून हे सगळं सांगतेय.

सासूबाई तेल्हाऱ्याला मोठ्या दिरांकडे राहायच्या. त्या घरात तूर-डाळ-तांदूळ निवडण्याचं काम त्यांचं होतं. काम म्हणण्यापेक्षा राज्य म्हणा. ओट्यावर सूप घेऊन बसल्या की सगळ्या गल्लीची खबर त्यांच्या सुपातून पाखडून आत यायची. पण डोळे गेले. एक दिवस मोठ्या दिरांच्या दाताखाली खडा आला आणि दाताचा टवका उडाला. जाऊबाई नुसत्या म्हणाल्या, "आई, तुमी राहू द्या आता. मी करतो." दुसऱ्या दिवसापासून सूप जाऊबाईंच्या मांडीवर. सासूबाई ओट्यावर रिकाम्या हातांनी बसायच्या. गल्लीतल्या बायाही मग जाऊबाईंशीच बोलायला थांबायला लागल्या. त्या दिवाळीत मी गेले तेव्हा सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "अवं चांदूरवाले, तुमच्या त्या शिबिरात मले सूप दिसन असा चष्मा भेटते का?"

माझं माहेर चांदूर बाजार. सासरी मला कुणी नावानं हाक मारलीच नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी चांदूरवाली. मला फार राग यायचा. एवढी शिकलेली मी, मला नाव नाही? पण त्या दिवशी राग गिळला आणि म्हटलं, "भेटते आई. आमच्या सरांचंच काम आहे."

तेल्हाऱ्याच्या शिबिराच्या दिवशी मी तापानं अंथरुणात होते. टेबलाशी बसली होती भिंतीकडली सुनीता. एकेक म्हातारं पुढे यायचं, ही विचारायची, "गाव? नाव?" आणि टाइप करायची. चोख काम केलं पोरीनं, अक्षराची चूक नाही.

महिन्याभरात पेट्या पोचल्या आणि तेल्हाऱ्याहून जाऊबाईंचा फोन आला. पेटी उघडली. बापे सारे, म्हणजे पुरुषमंडळी, चष्मे लावून फिरून राहिले. बायांचे चष्मे नाहीत. एखाद-दोन सोडले तर एकीचाही नाही. सासूबाई सकाळपासून पेटीपाशी बसून होत्या, पेटी रिकामी झाली तरी उठल्या नाहीत. "आता काय सांगू त्यायले?" जाऊबाई म्हणाल्या. आवाज ऐकून मला वाटलं, सूप मांडीवर घेऊन त्याही काही सुखात नाहीत.

सरांनी क्वेरी चालवली. गाव तेल्हारा, आणि नाव कौसल्या, पुढे आमचं आडनाव. पडद्यावर उत्तर आलं: एम्प्टी सेट. म्हणजे अशी ओळच नाही. पुन्हा चालवली. एम्प्टी सेट. सरांनी दुपट्टा सोडला, पुन्हा बांधला.

"मॅडम, तुमच्या सासूबाई हाय ना?"

"म्हणजे काय सर?"

"नाई, टेबल म्हनते नाई."

भिंतीकडली सुनीता मागून म्हणाली, "सर, मले तं आठवते, मीच लिवलं!" पण टेबलाच्या पुढे तिचं काय चालणार? तिला सवय होती.

सर खाली चहाला गेले तेव्हा मी पाप केलं. अर्धी किल्ली दिली. नुसतं नाव. पडद्यावर कौसल्यांची रांग लागली. एक अकोटची, एक पातूरची, एक बाळापूरची. बाळापूरचीचं तर आडनावसुद्धा आमचंच. मी त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि मनात म्हटलं, वा, बाळापूरलाही आपल्या आडनावाचे लोक आहेत वाटतं. आणि पुढे गेले.

पंचवीस वर्षं, वाचकहो, पंचवीस वर्षं त्या घरात शेजारपाजारच्या बायांनी माझ्या सासूला "बाळापूरवाली" म्हणून हाक मारलेली मी ऐकत होते. बी.एस्सी., गणित. गळ्यात पेन ड्राइव्ह.

सर वर आले, पडदा पाहिला आणि खिडकी बंद केली. कॉम्प्युटरची. मग म्हणाले, "चला तेल्हाऱ्याले. टेबल खोटं नाई बोलत, आन तुमच्या सासूबाईबी खोट्या नाईत. मधात काई तरी हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं तेल्हाऱ्याला गेलो. सरांच्या मांडीवर त्यांचा जाडजूड लॅपटॉप, तोही दुपट्ट्यात गुंडाळलेला. सासूबाई ओट्यावर होत्या. सर त्यांच्यासमोर खाली बसले.

"मावशी, शिबिरात त्या पोरीनं तुमाले काय इचारलं?"

"गाव इचारलं, नाव इचारलं."

"तुमी काय सांगतलं?"

"नाव कौसल्या."

"आन गाव?"

"बाळापूर."

आतून जाऊबाईंच्या सुपाचा आवाज थांबला.

"मावशी, तुमी तं तेल्हाऱ्यात राह्यता."

"राह्यतो ना."

"मंग गाव तेल्हारा झालं."

"काहून? राह्यलं म्हनून गाव होते काय?"

"किती वर्सांपासून राह्यता?"

"लगन झालं तवापासून. नातवाचं लगन झालं आता."

"तरीबी गाव बाळापूर?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. धड दिसत नव्हतं त्यांना, आवाजाच्या दिशेनं वळल्या. "अवं चांदूरवाले, हे तुये मास्तर असे कसे वं? बाईले गाव इचारलं तं बाई काय सासर सांगन? सासरी तं सारेच तेल्हाऱ्याचे. तेल्हारा सांगून मी कोन हे कसं समजन?"

सर माझ्याकडे बघायला लागले आणि मी सरांकडे. त्या क्षणी आमच्यातलं कोण शिक्षक आणि कोण विद्यार्थी हेही कळेनासं झालं होतं. शिबिरात आलेल्या सगळ्या बायांना सुनीतानं एकच प्रश्न विचारला होता, आणि सगळ्या बायांनी एकच खरं उत्तर दिलं होतं. त्यांचे चष्मे त्यांच्या माहेरी जाऊन बसले होते.

सरांनी तिथेच, पायरीवर लॅपटॉप उघडला. गाव बाळापूर, आणि नाव कौसल्या. एंटर. एक ओळ. एकच.

"सापडल्या," सर म्हणाले, जणू हरवल्या होत्या त्या सासूबाईच.

मग त्यांनी बाळापूरला पेटी सांभाळणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. आधी गाव, मग नाव, सगळं रीतसर. तिकडून काय ऐकलं कोण जाणे, पण फोन ठेवताना सरांचा चेहरा वेगळा होता.

"चष्मा नाई तिथं. तुमचे भाऊ सकायीच घेऊन निंगाले. बसनं."

सासूबाईंचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे संबंध तुटले होते. भावाच्या पोरीच्या लग्नात मांडवाच्या दारात यांना घ्यायला कुणी आलं नाही, या उभ्या राहिल्या, आणि तशाच परत फिरल्या. नंतर माहेरचा म सुद्धा तोंडातून काढला नव्हता. निदान आम्हाला तरी तसं वाटायचं. गाव विचारल्यावर काय सांगत होत्या हे कुणाला ठाऊक होतं?

थोड्या वेळानं उठल्या, भिंत धरत आत गेल्या, आणि लुगडं बदलून आल्या.

भाऊ दुपारी आला. काठी, मळकं धोतर, हातात पेटीतून काढलेली चष्म्याची डबी. दारातच उभा राहिला. आत बोलावल्याशिवाय यायचं नाही असं ठरवून आलेला माणूस दिसतो, तसा. सासूबाई ओट्यावर ताठ बसून.

शेवटी तोच बोलला. "गावात पेटी आली. तुयं नाव वाचलं शाळेच्या मास्तरानं. लोकं म्हने, हे कोन कौसल्या? मी म्हनलं, कोन म्हंजे? आपलीच."

सासूबाई म्हणाल्या, "मांडवाच्या दारात नाई दिसली मी कोनाले. आता बरी दिसली."

"आधी घाल," तो डबी पुढे करत म्हणाला, "मंग भांड."

त्यांनी चष्मा लावला. काडी कानामागे नीट बसेना, ती त्यानं बसवून दिली. मग त्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. आम्हाला वाटलं आता रडतील.

"काय हे, पार थेरडा झाला तू," त्या म्हणाल्या. "आन दाढी अशी कोन करते?"

"तूच काय जवान राह्यली?"

"बस. पानी देते हे चांदूरवाली."

मी पाणी आणायला गेले, तर मागून हुकूम आला: "अवं, आन थे डाय आन. सूपबी." जाऊबाईंनी निवडून ठेवलेली डाळ सुपात घेऊन सासूबाई भावाशी बोलता बोलता निवडत बसल्या, आणि सापडलेला एकेक खडा ओट्याच्या कडेला, जाऊबाईंना दिसेल असा, ओळीनं मांडत गेल्या. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं रागावतील. त्या हसत होत्या.

परतीला निघताना सर ओट्यापाशी थबकले. गडबडलेच होते ते. "मावशी, टेबलात तुमचं गाव तेल्हारा करून देतो. पुढच्या साली नवा चष्मा झाला तं सरळ इथंच येईन."

सासूबाईंनी चष्म्यावरून नव्हे, चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं. "कोनं सांगतलं तुमाले? पुढच्या सालीबी तिकडंच धाडा."

भाऊ खाली मान घालून काठीनं जमीन उकरत होता.

बसमध्ये अकोट मागे पडल्यावर सर म्हणाले, "मॅडम, टेबल बरोबर होतं ना?"

"होतं सर."

"मंग सवाल चुकला. का नाई चुकला?"

नंतर त्यांनी मंडळासाठी नवा रकाना केला, 'राहण्याचं ठिकाण', आणि बाकीच्या सगळ्या बायांच्या ओळी एकेक करून दुरुस्त केल्या. एक ओळ तशीच ठेवली. चुकीची ओळ टेबलात राहू न देणारा माणूस तो. मी एकदा डिवचलं, "सर, ती कौसल्येची ओळ?" तर म्हणाले, "थे चूक नाई. थे किल्ली हाय." सासूबाई होत्या तोवर त्यांचा चष्मा दर वेळी बाळापूरहून आला, भावाच्या हातानं, आणि दर वेळी आधी भांडण झालं.

परवा माझी नात लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली होती. कॉलेजात तिला हेच शिकवतायत. "आजी, दोन रकान्यांची किल्ली कशाला हवी? प्रत्येकाला एक नंबर द्यायचा, मशीनच देतं."

"नंबर पदराच्या गाठीत राहतो," मी म्हटलं.

"काय?"

तिला समजावता येईना. अर्धं मलाच समजलं नव्हतं. शेवटी म्हटलं थांब, आणि सरांना फोन लावला. कित्येक वर्षांनी. अमरावतीतच असतात, आता ऐकायला कमी येतं. फोनवर खरखर, मग तोच आवाज.

"कोन गाव?"

लग्नानंतरचं माझं सगळं आयुष्य अकोल्यात गेलं. घर इथं, मुलं इथं वाढली, गॅसचं कार्ड इथलं, मतदान इथलं. नात माझ्या तोंडाकडे बघत होती.

"चांदूर बाजार," मी म्हटलं.

तिकडे सर हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

"हां," ते म्हणाले. "आता नाव सांगा."